कोऱ्या पुतळ्या

निपाणीत खोकल्याला कुणी आजार म्हणत नसे. सगळं गावच खोकायचं. तंबाखूचा हंगाम सुरू झाला की वखारीवखारीतून खकाणा, म्हणजे तंबाखूची बारीक धूळ, उठायचा, तो रस्त्यावर यायचा, घरात शिरायचा, दुधाच्या पातेल्यावर बसायचा. परगावचे पाहुणे उंबऱ्यातच शिंकायचे आणि आम्ही पोरी तोंडावर हात धरून हसायचो. नव्या सुनेचं पहिलं वर्ष ठसक्यातच जातं, असं बायका कौतुकानं सांगायच्या. त्यामुळं आमची आक्का खोकायला लागली तेव्हा कुणी मान वर करून बघितलं नाही. आई म्हणाली, "हळद-गूळ घाल तोंडात." झालं. दुसऱ्या कुठल्या गावात आम्ही असतो तर कदाचित आधी कळलं असतं, हे मला अजून डाचतं. मी हे बोलले की घरातली माणसं म्हणतात, आज्जी, आता कशाला ते. कशाला म्हणजे? माझी बहीण होती ती.

आमचे वडील, म्हणजे आप्पा, तंबाखूचे व्यापारी. पुढं वखार आणि मागं घर. शेतकऱ्यांशी कन्नडात, घरात मराठीत, आणि राग आला की दोन्हीत एकदम, असं त्यांचं बोलणं. घर जैनाचं, त्यामुळं दिवेलागणीच्या आत जेवणं उरकायची. आई उन्हं कलली की हाका मारायला लागायची. जोंधळ्याची गरम भाकरी, जवसाची चटणी, घट्ट दही, आणि सणाला गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर. भाकरी थापल्याचा आवाज आणि पलीकडं वखारीत बायका पानं झोडपत असल्याचा आवाज, दोन्ही एकाच वेळी चालायचे. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं.

आप्पांना नाण्यांचं वेड होतं. बाजारादिवशी कुणी म्हातारा जुनं नाणं घेऊन आला की आप्पा गिऱ्हाईक सोडून त्याच्याजवळ जाऊन बसायचे. कंपनीचे रुपये, राणीच्या डोक्याचे, गोव्याकडचे पोर्तुगीजांचे, कसलेकसले. आक्का माझ्याहून बरीच मोठी, शाळेत फायनलपर्यंत शिकलेली, तिला इंग्रजी अक्षरं लागायची. नाण्याच्या कडेनं कोरलेलं ती भिंग लावून एकेक अक्षर वाचायची आणि आप्पा मान डोलवायचे. मुलगा नव्हता आम्हाला. पण आप्पांना त्याचं कधी काही वाटलं असेल असं मला नाही वाटत. त्यांच्या मनातलं सगळं ते आक्काला सांगायचे. आईला नाही. धंद्यातलं बायकोला सांगायचं नाही ही त्यांची जुनी खोड, आणि आक्काला सांगितलं तर ते सांगितल्यात धरायचं नाही, असा काहीतरी त्यांचा हिशेब असावा.

वेंगुर्ल्याचा एक कोळी दरवर्षी घाट चढून आमच्याकडं तंबाखूला यायचा. आला की आधी त्याच्या अंगाचा सुक्या मासळीचा वास यायचा आणि मागोमाग आईचा आवाज, "त्येला भाईर थांबवा! आत पाऊल टाकू देऊ नका!" बिचारा अंगणात उन्हात उभा राहायचा. एका वर्षी त्यानं कमरेच्या फडक्यातनं एक गठ्ठा काढला. काळी पडलेली चांदीची नाणी एकमेकांना चिकटलेली, वर चुन्यासारखा थर, शिंपल्याचे तुकडे. म्हणाला, "शेट, जाळ्यात गावला ह्यां. खंयचा तरी जहाज बुडलेला असतला." त्या गठ्ठ्यात एका फुटक्या मडक्याचा गळा होता आणि त्या गळ्यात गच्च बसलेल्या मूठभर पुतळ्या. सोन्याच्या. समुद्रानं चांदी खाल्ली होती, सोन्याला काही झालं नव्हतं.

पुतळी कुणाला माहीत नाही? आमच्याकडं लग्नात पुतळ्यांची माळ घालतात. पण आप्पा आक्काला काय म्हणाले ते ऐका, मी तिथंच शेंगा सोलत बसले होते. म्हणाले, "ही पुतळी आपली न्हवं गं. इटलीत तयार झाली, जहाजातनं आपल्याकडं यायची. आली की सोनाराकडं जायची आणि सोनार तिच्या डोक्यावर कडी बसवायचा. आपल्या मुलखात उतरलेली एकबी पुतळी कडीबिगर ऱ्हायली न्हाय. ह्या तेवढ्या वाटंतच बुडाल्या. ह्यास्नी कुणाचा हातच लागला न्हाय. कोऱ्या हायत." कोऱ्या हा शब्द त्यांनी असा उच्चारला की आक्कानं हात पदराला पुसून मग पुतळी धरली. दोघांनी मिळून बांबूची काडी आणि साधं पाणी घेऊन, घाई न करता, त्या थरातनं त्या सोडवल्या. चिंच नाही, रिठा नाही, राख नाही. आप्पा आईला दमच भरून होते, "ह्या घासायच्या न्हाईत. देवाच्या भांड्यांत मिसळायच्या न्हाईत." का, ते मात्र सांगितलं नाही.

आईनं त्या एकदाच नीट बघितल्या. एका बाजूला उभा माणूस आणि त्याच्यापुढं गुडघे टेकलेला दुसरा. दुसऱ्या बाजूला लांबट महिरपीत सरळ उभी मूर्ती, भोवती चांदण्या. साहेब लोकांच्या देवाची मूर्ती ती, आप्पांना ठाऊक होतं. पण आईनं ती बघितली आणि हातच जोडले. "अगंबाई, ह्यो तर उभा बाहुबली!" म्हणाली. आप्पा हसले. आईला ते हसणं लागलं. ती एवढंच म्हणाली, "बुडालेल्या माणसांचं धन हाय त्ये. घरात ठेवू नये." मग त्या पुतळ्या बिस्किटाच्या डब्यात घालून वखारीतल्या कपाटात गेल्या, आणि आईच्या डोक्यात ते वाक्य राहिलं.

पुढल्या पावसाळ्यात आक्काच्या रुमालावर रक्त दिसलं. मीच बघितलं. ती म्हणाली, "चंपे, कुणाला सांगशील तर बघ." मी सांगितलंच, आणि बरं केलं. आप्पा तिला सर्व्हिस मोटारीनं बेळगावला घेऊन गेले. डॉक्टरांनी क्षय म्हटलं. हवा, अंडी, विश्रांती असलं सगळं सांगितलं (अंडी म्हटल्यावर आईनं कानावर हात ठेवले) आणि मग आप्पांना बाजूला घेऊन म्हणाले की विलायतेत एक नवी सुई निघाली आहे, मुंबईला बोटीनं थोडी थोडी येते, तिनं माणसं उठून बसलेली आहेत. पण ती पुष्कळ दिवस सलग घ्यायला लागते. अर्धवट घेऊन उपयोग नाही. आणि किंमत ऐकून आप्पा तिथंच बाकावर टेकले, असं आक्कानं मला सांगितलं. वखार तेव्हा आधीच सावकाराकडं गहाण होती.

आमच्या नातसुनेला तीन-चार वर्षांमागं हाच आजार झाला. सरकारी दवाखान्यातनं गोळ्या मिळाल्या, फुकट, आणि सहा महिन्यांत पोरगी परत इथं बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला जायला लागली. तिच्या गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन मी बसले होते तर ती म्हणाली, आज्जी, रडताय कशाला, मी बरी झाले की. काय सांगायचं तिला.

आप्पांनी उपाय काढला तो असा. बेळगावच्या कॅम्पात एक गोरा साहेब होता, म्हातारा, नाण्यांचाच नादी. आप्पांची त्याच्याशी जुनी ओळख. स्वातंत्र्य येणार असं नक्की झालं होतं आणि साहेब लोक सामान विकून घरी चालले होते. कॅम्पात रोज कुणा ना कुणाचा लिलाव. ह्या साहेबानंही आपल्या नाण्यांचा लिलाव ठेवला होता, मुंबईचे आणि गोव्याचे शौकीन त्यासाठी येणार होते. आप्पांनी त्याला पुतळ्या दाखवल्या तेव्हा तो खुर्चीतनं उठून उभा राहिला म्हणे. म्हणाला, ह्या माझ्या नाण्यांबरोबर मांड, ह्यांच्यासाठी लोक भांडतील. आक्काची सुई त्या पुतळ्यांतनं निघणार होती, सगळीच्या सगळी. आप्पा घरी आले ते हरखून. आईला मात्र एवढंच म्हणाले, "औषधाची सोय झाली. तू काळजी करू नगं."

आईनं काळजी न करता कसं चालेल? तिनं तिची सोय वेगळीच केली होती. गावातल्या बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, पद्मावतीची मूर्ती आहे. शुक्रवारी बायका तिची ओटी भरतात. आईनं तिला पुतळ्यांची माळ बोलली होती. बुडालेल्यांचं धन घरात आलं तेव्हापासून पोरीला धरलंय, ते देवीच्या गळ्यात घातलं की पोर सुटेल. आणि नवस फिटेपर्यंत कुणाला सांगायचा नसतो. सांगितला की गेला. आप्पा धंद्याची गोष्ट बायकोला सांगणार नाहीत आणि आई नवस नवऱ्याला सांगणार नाही. एका घरात, एका ताटाला ताट लावून जेवणारी दोन माणसं, आणि दोघांच्या मनात एकच पोर. मला कधी कधी दोघांचाही असा संताप येतो की बस्स.

आप्पा खरेदीला संकेश्वरकडं गेले होते तेव्हा आई मला घेऊन सोनाराकडं गेली. सोनार जुना, घरचाच माणूस. त्यानं पुतळ्या बघून "लई नामी हायत वैनी" म्हटलं, आधी रिठ्याच्या पाण्यात उकळून लखलखीत केल्या आणि मग एकेकीच्या डोक्यावर कडी बसवली. त्याचं चूक काय? पुतळी आली की कडी बसवायची, त्याच्या बापानं, आज्यानं हेच केलेलं. आई ओंजळीत माळ घेऊन रस्त्यानं चालली होती. इतक्या दिवसांत तिचा चेहरा मी पहिल्यांदा मोकळा बघितला. "तुझी आक्का आता उठती बघ," म्हणाली.

शुक्रवार अजून दोन दिवसांवर होता. आप्पा परत आले, हातपाय धुतले आणि पुतळ्या बांधून ठेवाव्यात म्हणून कपाट उघडलं. डबा रिकामा. त्यांनी हाक मारली तशी आई देवघरातनं ताट घेऊन आली. ताटात हळदकुंकू, फुलं आणि मधे माळ.

आप्पांनी एक पुतळी उचलली, डोळ्यांजवळ नेली. "ह्ये काय केलंस?" एवढं हळू बोलले की मला आधी वाटलं ते खूश झालेत.

"देवीला बोललेते," आई म्हणाली. "आक्कासाठी."

"अगं, ह्याच इकून तिची सुई येणार हुती! कोऱ्या हुत्या म्हणून त्यास्नी किंमत हुती! कडी बसवली की संपलं, आता ह्या बाजारातल्या पुतळ्या झाल्या!"

आईनं ताट खाली ठेवलं. "मला सांगायचं न्हाय व्हय?"

"तू सांगितलंस?"

"नवस सांगत्यात व्हय कुणी?"

आतल्या खोलीत आक्का खोकत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्याजवळ गेले तर भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "आईला बोलू नका म्हणावं आप्पास्नी. तिला कोण सांगितलंतं?"

आप्पा ताट तसंच उचलून सोनाराकडं गेले. त्यानं सगळ्या कड्या काढल्या, कानस मारली, परत उजाळा दिला आणि म्हणाला, "दिसतंय का कुठं सांगा, आप्पा." आम्हाला खरंच दिसत नव्हतं. आप्पांनी मान हलवली. माणूस बुडायला लागला की कशालाही हात घालतो.

लिलावाला आक्कालाच जायचं होतं. ते शक्य नव्हतं, म्हणून तिनं हट्ट धरला, "चंपीला न्या. ती मला येऊन समदं सांगंल." तर मी गेले. साहेबाच्या बंगल्याच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. बाहेर अंगणात पलंग, आरशाचं कपाट, घोड्याचं खोगीर, कुत्र्याची भांडी, सगळ्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या. ओरडणारा एक जाडा माणूस होता, एक वार, दोन वार करत एकेक नाणं पुकारायचा आणि लाकडी हातोडी आपटायचा. मला मजा वाटत होती, ते खोटं कशाला बोलू. आप्पांच्या पुतळ्या शेवटी होत्या. त्या लाल मखमलीवर ठेवल्या तेव्हा मुंबईचे लोक खुर्च्या पुढं ओढून बसले.

साहेबानं आधी स्वतः एक उचलली. भिंग लावलं. उलटी केली. परत सुलटी केली. मग दुसरी. मग तिसरी. त्यानं भिंग खाली ठेवलं आणि डोळे चोळले. आप्पांकडं बघून त्याच्या मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "शेठ, ये क्या किया? अब ये सिक्का नहीं, ये गहना है." रागावला नव्हता. त्याला वाईट वाटलं होतं, आणि त्याचंच आप्पांना जास्त लागलं असावं. मुंबईच्या एकानं पुतळी बोटांत फिरवून डोक्याजवळची घासलेली जागा दुसऱ्याला नखानं दाखवली आणि दोघंही मागं टेकून बसले. जाड्यानं पुकारलं. कुणी बोललं नाही. परत पुकारलं. शेवटी शहापूरच्या एका सराफानं हात वर करून सोन्याच्या वजनाचा भाव सांगितला. आप्पा उठले, मखमलीवरच्या पुतळ्या स्वतःच गोळा करून रुमालात बांधल्या आणि माझा हात धरला. सोन्याच्या भावात सुईचा आठवडाही निघाला नसता. परत येताना मोटारीत त्यांनी सगळा वेळ माझा हात सोडला नाही.

घरी आल्यावर आईनं विचारलं नाही. तिला चेहऱ्यावरनं कळलं. तिनं मुकाट्यानं रुमाल घेतला आणि दुसऱ्या दिवशी बस्तीत उपाध्यांकडं गेली. निदान देवीला तरी पोचवू म्हणून. उपाध्यांनी पुतळ्या बघितल्या, कड्या कुठं गेल्या विचारलं आणि म्हणाले, "वैनी, घासून मोडलेला डागिना हाय ह्यो. खंडित झालेलं देवीला चालत न्हाय." आई परत आली ती पायऱ्यांवरच बसली. चूल पेटली नाही त्या दिवशी. शेजारणीनं भाकऱ्या आणून दिल्या.

आक्का आता बाहेरच्या सोप्यात कॉटवर असायची. ती तिथनं सगळं बघत होती. आप्पा तिच्याजवळ जाऊन बसायचे आणि तिचं पांघरूण सारखं करायचे. एके दिवशी तीच म्हणाली, "आप्पा, सायबाला नगंत, देवीला नगंत. मग मला घाला की."

आप्पा तिच्याकडं बघतच राहिले.

"बघताय काय? माझं काय लगीन हुणार हाय व्हय आता? मला बी पुतळ्यांची माळ घालावी वाटती."

आप्पा तिसऱ्यांदा सोनाराकडं गेले. ह्या वेळी स्वतः बसून एकेक कडी बसवून घेतली. आईनं आक्काला न्हाऊ घातलं, केस विंचरले, हिरवं इरकल नेसवलं आणि आप्पांनी माळ गळ्यात घातली. गळा इतका बारीक झाला होता की माळ पोटापर्यंत यायची. आक्कानं आरसा मागितला. आरशात बघून म्हणाली, "आता कसं," आणि खोकली, आणि पुतळ्या वाजल्या. त्यानंतर तिनं ती उतरवली नाही. खोकला आला की ती वाजायची आणि घरात जिथं असू तिथं आम्हाला कळायचं. तो आवाज मला कधी कधी अजून नको होतो.

स्वातंत्र्याची प्रभातफेरी आमच्या दारावरनं गेली तेव्हा तिला उशीला टेकवून बसवलं होतं. लाडू वाटत होते, तिनं हातात घेतला आणि मला दिला. आप्पांना म्हणाली, "आता नाण्यावर कुणाचं डोस्कं येणार हो?"

"बघू की आपण दोघं," आप्पा म्हणाले.

नाही बघितलं तिनं. श्रावण सरायच्या आत ती गेली, सकाळी, आई दूध तापवत असताना. खोकल्याचा आवाज थांबला म्हणून आई बाहेर आली.

गल्लीतल्या बायका जमल्या. तिला उचलायच्या आधी एकीनं रीतीप्रमाणं माळ काढायला हात घातला तर आप्पा ओरडले, "हात लावू नगासा!" कुणीतरी म्हणालं, सोनं हाय आप्पा, असं जाळत न्हाईत. आप्पा म्हणाले, "तिचं हाय." माळ तशीच गेली.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला आप्पा गेले आणि येताना रुमालात काहीतरी बांधून आणलं. आई भिंतीला टेकून बसली होती. आप्पांनी तिच्यापुढं बसून रुमाल सोडला. सगळ्या पुतळ्या वितळून, एकमेकींत मुरून, एक काळपट गोळा झाला होता. लिलाव झाल्यापासून त्या दोघांत सरळ बोलणं नव्हतं. आप्पा पहिल्यांदा बोलले. "घे. आता मोडकं न्हाय ह्ये, एकच गोळा हाय. देवीला चालंल. तुझा नवस फेड."

आईनं रुमालाची टोकं एकेक करून परत मिटली आणि तो आप्पांकडं सरकवला.

"देवीला आणि काय द्यायचं?" ती म्हणाली. "तिनं घेतलं की."